देवघेवीच्या टेबलावरून: विज्ञानकथा कुणाला, कुठली, कुठून

प्रश्न थोडक्यात असा. प्रतापनगरातल्या एका ताईंचा मुलगा अकरावीत आहे. इंग्रजीच्या पुस्तकात त्याला जयंत नारळीकरांची 'द ॲडव्हेंचर' ही कथा लागली आणि ती त्याने चार वेळा वाचली. मग नेटवर शोधून त्याने दोन जाड इंग्रजी कादंबऱ्या मागवल्या आणि दोन्ही अर्धवट टाकल्या. ताई स्वतः ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतात. त्यांनी विचारलंय की असं मराठीत आणखी काय आहे, 'पर्यायी इतिहास' म्हणजे नेमकं काय, नागपुरात ही पुस्तकं कुठे मिळतील, आणि ज्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही त्याने या वाटेला जावं का.

मी तीस वर्षं एका वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसलो. प्राध्यापक नाही, समीक्षक तर नाहीच. कोण काय घेऊन गेलं आणि किती दिवसांत परत आलं, एवढंच मला माहीत. पण त्यातून बरंच कळतं.

ताई, मुलाला आधी एकच विचारा. पुस्तक कितव्या पानावर सोडलं?

परत करताना कुणी "नाही जमलं" म्हटलं की मी "का" विचारत नाही. त्याचं उत्तर सगळे सभ्यपणे देतात. परीक्षा होती, पाहुणे होते, डोळे आले होते. पान विचारलं की खरं कळतं. वीस-पंचवीस पानांत सोडलं असेल तर नावांच्या गर्दीत जीव घुसमटला असं समजा. तीन ग्रह, चार घराणी, शेवटी शब्दांची यादी. शंभराच्या पुढे जाऊन सोडलं असेल तर कल्पना आवडली होती, माणसं आवडली नाहीत. आणि शेवटची तीस-चाळीस पानं तेवढी राहिली असतील, तर त्या पोराची काळजी करू नका. त्याला काहीही द्या.

तुमच्या मुलाचं पहिल्या प्रकारचं असावं. चार पानांची चव लागलेल्याला आपण एकदम पंगतीत बसवतो आणि मग म्हणतो, याला भूकच नाही.

विज्ञानकथेची सुरुवात कादंबरीने करू नये, असं माझं मत आहे. यावरून माझी पुष्कळांशी वादावादी झाली आहे, तरी मत बदललेलं नाही. या प्रकारात बहुतेक वेळा एक कल्पना असते आणि तिच्यामागे "मग काय होईल?" लागलेलं असतं. वीस पानांत ते पुरतं. तेच चारशे पानं पेलायला लेखक फार ताकदीचा लागतो. आयझॅक असिमोव्हची १९४१ सालची 'नाइटफॉल' ही कथा बघा. एका ग्रहाला सहा सूर्य आहेत, त्यामुळे तिथे अंधार असा होतच नाही. होतो तो २०४९ वर्षांतून एकदा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्र पाहिलेली नाही, त्यांच्यावर रात्र आली तर? बस, एवढंच. मे महिन्यात एका मुलाला ही कथा दिली होती. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडला, "काका, आमच्या इकडची लाइट गेली होती आणि मी मोबाइलच्या उजेडात हेच वाचून राहिलो होतो!" त्यानंतर तो पोरगा दोन वर्षं दर बुधवारी आला.

आता विज्ञान न कळण्याबद्दल. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की मी टेबलाच्या खणात त्याचं उत्तर करून ठेवलं होतं. पुस्तकांना घालायचं पारदर्शक प्लॅस्टिक आमच्याकडे ताग्याने यायचं. त्याची दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्टी कापायची. पट्टीला एक अर्धा पीळ द्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटवायची. मग स्केचपेनने त्यावर डाव्या हाताचा छोटा पंजा काढायचा. तो पंजा पट्टीवरून सरकत सरकत पूर्ण फेरी मारून जिथून निघाला तिथे पोचला, असं समजा. म्हणजे शेजारी शेजारी तोच पंजा पुढे पुढे काढत जायचा. फेरी पुरी होते तेव्हा मूळ पंजाच्या जागी उजवा हात आलेला असतो. कुणी उचलून पालथा केलेला नाही, फक्त वाट पिळलेली होती.

हे पाहून माणूस हसतो, पुन्हा पट्टी हातात घेतो. मग मी त्याला नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' देतो. त्यात क्रिकेटच्या मैदानावरचा गोलंदाज आहे आणि ही पट्टीच आहे. ती कथा वाचायला जेवढं विज्ञान लागतं, तेवढं प्लॅस्टिकच्या पट्टीत संपलेलं असतं. ज्या कथेला याहून जास्त लागतं, तिने ते स्वतः सांगायचं असतं. नाही सांगता आलं तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

उलट, सांगण्याचाही अतिरेक असतो. मराठी विज्ञानकथेला एक जुनी खोड आहे. एक शास्त्रज्ञ काका आणि एक चौकस पुतण्या. पुतण्या विचारतो, "पण काका, प्रकाशाचा वेग ओलांडता का येत नाही?" आणि काका दीड पान बोलतात. दिवाळी अंकांत अशा कथा मी शेकड्याने वाचल्या. दुसरी खोड म्हणजे शेवटच्या परिच्छेदात नायक दचकून जागा होणं. हे दोन्ही सापडलं की अंक मिटवा, दुसरा उघडा.

नारळीकर या खोडीतून पुष्कळसे सुटले, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, मग जगताप कोण ते कळलं. पुढे 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. घरात एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर हे घ्या. २० मे २०२५ला नारळीकर गेले, त्या आठवड्यात वाचनालयातला त्यांचा खण रिकामा झाला. शेवटी आलेल्या एका बाईंना मी घरची प्रत दिली.

ताई, तुमच्यासाठी त्यांची 'धूमकेतू'. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू, तो वळवण्यासाठी धडपडणारे शास्त्रज्ञ, आणि इकडे ज्याने तो शोधला त्याच्याच घरात शांतीचा यज्ञ. आता संकट टळलं ते कशामुळे, यावर नवरा-बायकोचं काय बोलणं होत असेल, ते तुम्हाला कुठल्याही खगोलशास्त्रज्ञापेक्षा चांगलं समजेल. मुलासाठी, कथा पचल्यावर, 'वामन परत न आला' ही कादंबरी. कुण्या प्राचीन प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेल्या माहितीवरून माणसं एक यंत्रमानव बनवतात आणि मग तो माणसांना भारी पडू लागतो. पुस्तक १९८६चं आहे. हल्ली पोरं रोज ज्या 'एआय'शी बोलतात त्याच्याबद्दल घरात वाद सुरू करायला ते आजही पुरतं.

नारळीकरांपाशी थांबू नका, एवढं मात्र सांगतो. मराठी वाचक तिथेच तंबू ठोकतो. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे, शुभदा गोगटे, नंतरच्या मेघश्री दळवी, एवढी नावं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. पैकी जावडेकरांचा 'गुगली' आणि 'वामनाचे चौथे पाऊल' मी अशांना देतो ज्यांना यंत्रापेक्षा माणसाच्या मनात गंमत वाटते. लोंढ्यांच्या 'दुसरा आइन्स्टाईन'ने तर अनेक निवृत्त बँकवाले या बाजूला ओढले. तुमच्या घरात कुणी 'राऊ' आणि 'स्वामी'वर वाढलेलं, पण यंत्रमानव म्हटलं की नाक मुरडणारं असेल तर त्याच्या हातात आधी लोंढे ठेवून बघा. भयकथेसाठी नारायण धारप सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांचं 'नेनचिम' किंवा 'गोग्रामचा चितार' मागायला कुणी येत नाही. ही कपाटातली झोपलेली पुस्तकं.

आता पर्यायी इतिहास. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं, कारण मुलाला आवडलेली कथा या जातीची आहे. तिचं मराठी नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

रेल्वेत सांधेवाला असतो. गाडी येण्याआधी तो सांधा बदलतो, रूळ बोटभर सरकतो, आणि इटारसीला जाणारी गाडी वर्ध्याच्या वाटेला लागते. पर्यायी इतिहासाचा लेखक म्हणजे सांधेवाला. इतिहासात एका ठिकाणी एकच सांधा बदलायचा, तोही जमेल तेवढा लहान, आणि मग गाडी कुठे कुठे जाते ते इमानाने पाहत बसायचं. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. नारळीकरांच्या कथेत ती कानाला चाटून जाते. तिळाएवढा फरक. बाकी सगळं त्या तिळातून उगवतं.

आणि काय उगवतं ते बघा. सगळं सोन्याचं झालं, असं ते दाखवत नाहीत. प्राध्यापक गंगाधरपंत मुंबईला पोचतात तर तिथे अजून इंग्रज आहेत, भाडेपट्ट्यावर! १९०८च्या करारानुसार तो पट्टा २००१ला संपणार. मराठ्यांनी जिंकूनही मुंबई इंग्रजांकडेच, ही या कथेतली सगळ्यात हुशार गोष्ट. कच्चा लेखक तिथे लगेच लाल किल्ल्यावर जरीपटका फडकवून मोकळा झाला असता. आणि मग आझाद मैदानावरचा तो प्रसंग, जिथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवून व्याख्यान चाललेलं असतं आणि नऊशे नव्व्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना ते बघवत नाही. इतिहास बदलला तरी मराठी माणसाचा सभा-संमेलनांचा सोस कसा बदलेल, असं नारळीकर गालात हसत विचारतात.

तुमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा हे वेगळं कुठे, असं तुम्ही म्हणाल. विश्वास पाटलांचं 'पानिपत' तुम्ही नक्की वाचलं असणार. ते वाचताना आपण रडतो, पण निकाल तोच राहतो. कर्णाच्या बाजूने सांगितलेलं महाभारतही तसंच. बघण्याची जागा बदलते, रथाचं चाक रुततंच. पर्यायी इतिहासात चाक रुतत नाही, आणि त्याची किंमत कुणाला तरी चुकवावी लागते.

म्हणूनच याला आधी मूळ दुखणं ठाऊक असावं लागतं. हे मी एका चुकीतून शिकलो. वर्ध्याकडचे एक निवृत्त शिक्षक आमचे सभासद होते. इतिहास शिकवलेले, सूत कातणारे, वाचनात पक्के. त्यांनी काही नवीन मागितलं म्हणून मी मोठ्या हौसेने फिलिप के. डिक यांची 'द मॅन इन द हाय कॅसल' दिली. १९६२ची कादंबरी, दुसरं महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकतात आणि अमेरिका वाटून घेतात. या प्रकारातलं सर्वांत नावाजलेलं पुस्तक. गुरुजी तिसऱ्या दिवशी परत घेऊन आले.

"वाईट नाही," म्हणाले, "पण हे दुसऱ्याच्या घरचं दुखणं आहे. कॅलिफोर्नियावर कुणाचा झेंडा, मला काय करायचं?"

मी आठवडाभर तोंड लपवलं. मग बर्डीच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या, फुटपाथवर पूर्वी घेतलेला एक संग्रह आठवला. त्यात हॅरी टर्टलडव्ह यांची 'द लास्ट आर्टिकल' ही १९८८ची कथा आहे. तिच्यात इंग्रजांना हरवून जर्मन फौजा हिंदुस्थानात आल्या आहेत आणि गांधीजी त्यांच्यापुढे सत्याग्रह करतात. समोरच्याला लाजच नसेल तर सत्याग्रहाचं काय होतं, हा प्रश्न. उत्तर फार कडू आहे. गुरुजींनी ते पुस्तक तीन आठवडे ठेवलं, दंड भरला, आणि टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाले, "सेवाग्रामला जाऊन आलो परवा. बापू कुटीत बसलो थोडा वेळ." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून पर्यायी इतिहास सुचवायचा तर मी समोरच्याला आधी विचारतो, इतिहासातली कुठली गोष्ट तुम्हाला अजून सलते? पुस्तक त्यानंतर. तुमच्या मुलाला पानिपत सलतं, हे दिसतंच आहे. मग त्याला त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' द्या. ती गोष्ट नाही, इतिहास आहे, आणि भाषा आजच्या पोराला जड जाईल. पण रसद कुठे तुटली, कोण आलं नाही, कोण निघून गेलं, हे एकदा कळलं की नारळीकरांची कथा पुन्हा वाचताना दुप्पट चव येते. जाता जाता त्याला हेही सांगा की त्या रणात नागपूरकर भोसल्यांची फौज नव्हती. जानोजी भोसले तिथे असते तर? हा झाला आपल्या गावचा सांधा.

गावाचं निघालंच आहे तर सीताबर्डीच्या लढाईचं सांगतो. शनिवारी दुपारी आमच्याकडे आठ-दहा मुलं जमायची. एकदा त्यांना २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ची हकीकत सांगितली. एका बाजूला आप्पासाहेब भोसल्यांची फौज, दुसरीकडे रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्सच्या रक्षणाला ईस्ट इंडिया कंपनीची पलटण. दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. २७ला सकाळी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली होती. मग त्यांचा दारूगोळ्याचा एक गाडाच उडाला, गोंधळ माजला, आणि कंपनीच्या शिपायांनी चढाई करून टेकडी परत घेतली. लढाईचा निकाल केवळ त्या गाड्याने लावला असं मी म्हणणार नाही, पण गोष्टीला सांधा म्हणून तो नामी आहे. मुलांना म्हटलं, गाडा उडाला नाही असं धरा आणि दोन पानं लिहून आणा.

बहुतेकांनी अर्ध्या पानात भोसल्यांना लंडनला नेलं. एका मुलाने तर जेन्किन्सला महालात भांडी घासायला लावलं होतं. एकच मुलगी, नववीतली, वही न उघडता विचारत बसली.

"काका, मग एम्प्रेस मिल झाली असती का?"

का नसती, म्हटलं. कापूस तर वऱ्हाडात पिकणारच.

"पण रेल्वे इंग्रजांनी आणली ना? मग कापूस जाईल कसा? आणि मिल झालीच, तर तिचं नाव एम्प्रेस कसं असेल? राणी कुठली?"

मी गप्प. जमशेटजी टाटांची ती मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ला, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, आणि मिलचं नाव त्यावरून. मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे त्या पोरीने एका गाड्यावरून साठ वर्षं पुढची गिरणी आणि तिचा बोर्ड गाठला होता. पुढच्या शनिवारी तिने दोन पानं आणली. लढाई एका ओळीत आटोपली होती. बाकी सगळं एका गिरणी कामगार बाईचं, जी तिसरी पाळी सुटल्यावर घरी चालली आहे. गिरणीच्या नावाची जागा तिने रेघ ओढून मोकळी सोडली होती. म्हणाली, अजून ठरलं नाही.

पर्यायी इतिहास चांगला की वाईट हे ओळखायचं असेल तर हेच बघा. लढाईवर किती पानं आहेत आणि लढाईनंतरच्या भाजीपाल्यावर किती.

(दुसरा एक सांधा मी वापरून पाहिला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली असती तर? मुलांनी मजेत लिहिलं, पण न्यायला आलेले पालक दारात तासभर भांडले. पुन्हा तो विषय काढला नाही.)

एक सावधगिरी. पर्यायी इतिहास पहिल्याच पानावर कबूल करतो की हे घडलेलं नाही. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा इतिहास म्हणतो की हेच घडलं होतं, तुमच्यापासून लपवलं. पहिला वाचलेल्या मुलाला दुसरा लवकर ओळखू येतो, कारण कुठली गोष्ट जोडलेली आहे हे शोधायची त्याला सवय लागलेली असते. तुमच्या मुलाला घरच्या ग्रुपवर थोडं कामाला लावा.

मराठीत या विशिष्ट प्रकाराचं कपाट भरत नाही. एखादा खण भरेल. त्यामुळे मुलाला इंग्रजीकडे वळावंच लागेल, पण पायरीने. आधी 'नाइटफॉल' आणि आर्थर सी. क्लार्क यांची 'द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड', दोन्ही छोट्या. मग फ्रेड हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही १९५७ची कादंबरी. हॉईल हे केंब्रिजला नारळीकरांचे गुरू. सूर्यमालेत एक काळा ढग शिरतो आणि सूर्यप्रकाश अडवतो. पुढे तो ढग निव्वळ ढग नाही असं कळतं. गुरूचं वाचून शिष्याचं वाचलं की घराणं ऐकू येतं. अमेरिकी विज्ञानकथाकार टेड चियांग यांच्या कथा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. 'हाय कॅसल' पंचविशीत, तेही महायुद्धाचा इतिहास वाचल्यावर.

तुमच्यासाठी इंग्रजीतली एकच सांगतो. बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम', १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात आलेली. एका देशात पुरुष मर्दान्यात कोंडलेले, बाहेरचा सगळा कारभार बायका बघतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. दहा-बारा पानं, नेटवर फुकट. विज्ञानकथा मुलांची असते असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही छापून दिली आहे.

आता कुठे मिळेल. वाचनालयात 'विज्ञानकथा' असा वेगळा खण बहुधा नसतो. दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरी सगळी ८९१.४६३ला जाते, त्यामुळे धारप कुठे, फोंडके कुठे, आडनावाप्रमाणे विखुरलेले. उलट नावात 'विज्ञान' दिसलं की नवखा कर्मचारी पुस्तक ५००च्या शास्त्र विभागात ढकलतो. एक कथासंग्रह मला अकरा वर्षांनी पदार्थविज्ञानाच्या गाइडांमध्ये सापडला. तेव्हा दोन्हीकडे बघा. पुस्तक हाती आलं की शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी उघडा. एखादं नावही न ऐकलेलं पुस्तक दर पंधरवड्याला बाहेर गेलेलं दिसलं तर डोळे मिटून घ्या. मासिकातल्या परीक्षणापेक्षा त्या शिक्क्यांवर माझा विश्वास जास्त.

दिवाळी अंकांची योजना घ्या. ठरावीक रक्कम भरली की सगळे अंक आळीपाळीने वाचायला मिळतात, बहुतेक खाजगी वाचनालयं ती चालवतात. विज्ञानकथा वर्षभरात सर्वांत जास्त तिथेच छापून येतात. जुन्यांसाठी बर्डीचा फुटपाथ. अनंत अंतरकरांच्या 'नवल'चे अंक क्वचित गठ्ठ्यात निघतात. ऊन उतरल्यावर जा, आणि वरचा थर सोडून खालचा गठ्ठा मागा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आवारात पुस्तकांची जेवढी दुकानं लागतात तेवढी नागपुरात एरवी एका जागी दिसत नाहीत. तिथे विज्ञानकथा शोधायला गेलात तरी इतिहासाची पिशवी भरून येईल, आणि तीही हवीच आहे. लहान भावंडं असतील तर बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक नेटवर मोफत आहेत. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, म्हणजे 'चंद्रावर स्वारी' किंवा 'मुक्काम शेंडेनक्षत्र', जिथे दिसेल तिथे घ्या, भाव करू नका.

आणि मुलाला एकदा सीताबर्डीच्या किल्ल्यावर न्या. लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतात. वर उभं राहून दोन टेकड्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं की सांधा किती बारीक होता ते त्याला न सांगता कळेल.

माझंही एक काम करा. 'सिंहासन' लिहिणाऱ्या अरुण साधूंची 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी आहे. साधू परतवाड्याचे, आपल्या वऱ्हाडातले. २००७ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा ती मागायला एकामागून एक लोक आले आणि आमच्याकडे एकच प्रत. त्या धावपळीत कुणाच्या तरी घरून ती शेवटची सोळा पानं गमावून परत आली. फुटपाथवर कुठे सापडली तर घेऊन ठेवा. पैसे मी देतो.